मॉड्युलेशन ओळखणारं मॉडेल करताय? या चुका टाळा

पुण्यात फेब्रुवारी लागला की बी.ई.च्या प्रोजेक्टवाल्यांचे फोन सुरू होतात. रेडिओ लहरीवर माहिती कुठल्या पद्धतीने चढवलीये, म्हणजे मॉड्युलेशन कुठलं, हे ओळखणारं मॉडेल त्यांनी केलेलं असतं. 'सर, ॲक्युरसी 99 टक्के आलीये, पण लाइव्ह सिग्नलवर काहीही सांगतंय.' मी न्यूरल नेटवर्कचं विचारतच नाही, रेकॉर्डिंग कसं केलंत ते विचारतो.

एका ग्रुपचं उदाहरण सांगतो. एफएमसाठी त्यांनी गच्चीवर अँटेना लावून 101 मेगाहर्ट्झवरची विविध भारती रेकॉर्ड केली होती, गेन (रिसीव्हर सिग्नल किती वाढवतो ते) ऑटोवर ठेवून. बीपीएसके आणि क्यूपीएसके (लहरीची फेज बदलून बिट पाठवणारे डिजिटल प्रकार) मात्र लॅबमधल्या सिग्नल जनरेटरला थेट केबल जोडून, गेन हाताने लावून. प्रत्येक प्रकाराची एकेकच लांबलचक फाइल. तिचे तुकडे पाडले, पत्त्यांसारखे पिसले, 80 टक्के ट्रेनिंगला, 20 टक्के टेस्टला. म्हणजे टेस्टमधल्या तुकड्याचे सख्खे शेजारी ट्रेनिंगमध्ये बसलेले! मी म्हटलं, केबल राहू दे, फक्त जनरेटरचं आउटपुट बंद कर. सिग्नल गेला, पण स्क्रीनवर 'क्यूपीएसके' तसंच. मॉडेल मॉड्युलेशन शिकलंच नव्हतं. त्या केबलची नॉइजची पातळी आणि रिसीव्हरमुळेच स्पेक्ट्रमच्या मधोमध उभा राहणारा डीसीचा काटा, एवढंच त्याने पाठ केलं होतं.

माझा नियम असा: अख्खी फाइल एकतर ट्रेनिंगला किंवा टेस्टला. टेस्टचं रेकॉर्डिंग वेगळ्या दिवशी, वेगळ्या डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या यूएसबी रिसीव्हरवर), आणि गेन मुद्दाम बदलून. 'नुसता नॉइज' हा वेगळा वर्ग हवाच, नाहीतर मॉडेल रिकाम्या बँडलाही कुठलंतरी नाव चिकटवणारच. याला वेळ लागतो. पण घाई असेल तर हा विषय घेऊच नये.

दुसरं दुखणं 16-क्वॅम आणि 64-क्वॅममधल्या गोंधळाचं. हे प्रकार लहरीची उंची आणि फेज दोन्ही बदलून एका वेळी 16 किंवा 64 पैकी एक सिंबॉल पाठवतात. सगळे रेडिओएमएलचा 2016 चा तयार डेटासेट (मॉड्युलेशनचं नाव लावलेले सिग्नल) उतरवतात, हे दोन प्रकार एकमेकांत मिसळलेले दिसले की नेटवर्कचे लेयर वाढवत सुटतात. अरे, आधी हिशोब करा. एका नमुन्यात 128 सॅम्पल, एका सिंबॉलला 8. म्हणजे हातात सिंबॉल 16, आणि ओळखायचं आहे 64 बिंदूंचं कॉन्स्टेलेशन (सिंबॉलांच्या ठिपक्यांचा नकाशा)! चौथ्या क्रमाचे क्युम्युलंट (ठिपके कसे पसरलेत ते सांगणारे आकडे) घेतले तरी नॉर्मलाइज केलेल्या किमती, चिन्ह सोडून, 16-क्वॅमची 0.68 आणि 64-क्वॅमची 0.619, तेही नॉइज नसताना. एवढा बारीक फरक 16 सिंबॉलांत कुठून दिसणार? लांब विंडो घ्या. 2018 च्या डेटासेटमध्ये 1024 सॅम्पल उगाच नाहीत.

त्याच जुन्या डेटासेटमध्ये एफएम आणि एएम-डीएसबी (आवाजाप्रमाणे लहरीची उंची बदलणारा प्रकार) यांचाही घोळ होतो. आवाजात शांतता आली की दोन्हीकडे उरतो नुसता कॅरिअर, म्हणजे माहिती न चढवलेली मूळ लहर. तिथे दोष मॉडेलचा नाही.

बाकीचं थोडक्यात. 2016 च्या डेटासेटमध्ये एसएनआर (सिग्नल नॉइजपेक्षा किती वर आहे ते) उणे 20 ते अधिक 18 डेसिबल असतो; सगळ्यांची मिळून एकच सरासरी ॲक्युरसी छापू नका. प्रत्येक एसएनआरला वेगळा आकडा काढून आलेख द्या.

स्वस्त डोंगलचा क्रिस्टल 20 पीपीएमने (दहा लाखांत 20 ने) चुकला तर 433.92 मेगाहर्ट्झवर 8.7 किलोहर्ट्झची घसरण होते, आणि क्यूपीएसकेच्या चार ठिपक्यांचं कडं होतं. ही घसरण, म्हणजे ऑफसेट, आधी काढा, आणि थोडासा ऑफसेट ट्रेनिंगमध्ये मुद्दाम घाला.

गेन फुल्ल करायची सवयही सोडा. आरटीएल-एसडीआर, म्हणजे हाच स्वस्त डोंगल, 8 बिटांचा असतो; किंमत 0 ते 255 मध्येच बसते. मी रेकॉर्डिंग झालं की आधी हिस्टोग्राम (कुठली किंमत किती वेळा आली त्याचा आलेख) बघतो. टोकाला, 0 आणि 255 वर, ढीग दिसला, म्हणजे सिग्नल कापला गेलाय, की फाइल डिलीट.