प्लेटलेटचा आकडा वाचताना

पावसाळा सरत आला की आमच्या लॅबच्या काउंटरवर एकच प्रश्न: "ताई, प्लेटलेट किती आल्या?" आकडा कळला की नातेवाईक तिथूनच गावभर फोन लावतात. मी रक्त काढणारी आणि मशीन चालवणारी. औषध सांगणं माझं काम नाही. पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते.

आधी एकक बघा. मोठ्या माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण १.५ ते ४.५ लाख प्लेटलेट असतात. कुठे '१.८५ लाख' छापतात, कुठे नुसतं '१८५' आणि शेजारी बारीक अक्षरात 'हजार' अशा अर्थाची खूण. दोन्ही एकच. शेजारच्या छापील मर्यादेशी ताडून बघितलं की लगेच कळतं.

मग खालचा शेरा वाचा. तो कोणी वाचत नाही, आणि खरी मेख तिथेच असते. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काहींच्या प्लेटलेट त्यातच एकमेकींना चिकटतात. मशीन असा गठ्ठा प्लेटलेट म्हणून धरत नाही आणि आकडा उगाच खाली येतो. अंगात प्लेटलेट व्यवस्थित असतात. रक्त अडखळत आलं आणि ट्यूबमध्ये बारीक गुठळी झाली तरी हेच होतं. म्हणून शेऱ्यात 'क्लम्प्स' (म्हणजे गठ्ठे) दिसलं, किंवा ताप नाही, कुठे रक्त नाही आणि आकडा अचानक ४० हजार, तर बिनदिक्कत विचारा: "स्मिअर बघितला का?" काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली गठ्ठे दिसतात. गरज पडली तर निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतात. त्या ट्यूबमधल्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून आलेला आकडा १.१ ने गुणायचा.

डेंग्यूत एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. तारखेनिशी एका कागदावर लिहा आणि जमल्यास एकाच लॅबमध्ये तपासा. काल १ लाख १२ हजार, आज १ लाख ५ हजार, एवढा फरक तर मोजणीतही पडतो. ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण आकडा बहुधा त्याच सुमारास तळाला जातो आणि पुढचे एक-दोन दिवस जपायचे असतात. शेजारी पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण, बघा. प्लेटलेट उतरताना तो चढत असेल, तर रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपत असण्याची शक्यता असते. डॉक्टरांना लगेच दाखवा.

५० हजार ऐकून पिशव्या शोधत धावणारे दरवर्षी दिसतात. रक्तस्राव नसेल तर आकडा १० हजारांच्या खाली जाईपर्यंत डॉक्टर सहसा प्लेटलेट चढवत नाहीत. पपईच्या पानांच्या रसाबद्दलही विचारतात. डेंग्यू ओसरताना आकडा आपोआप वाढतो, श्रेय मात्र रसाला जातं. तापाला अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हिरड्यांतून रक्त, काळी शी, पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, गुंगी, यांतलं काही दिसलं तर आकडा कितीही असो, दवाखाना गाठा.

आकडा ४.५ लाखांच्या वर गेला, तर बऱ्याचदा कारण एखादा संसर्ग किंवा लोहाची कमतरता असते. डॉक्टर सहसा काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात. तेव्हा जुना रिपोर्ट घेऊन या.