लिनक्समधून ऑफिसचा शेअर फोल्डर उघडंना? आधी विंडोजकडं बघा

आमचं ऑफिस सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलचं काम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, माझा पीसी जुना, त्याला ११ काय चालंना, म्हणून विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकली. बाकी सगळं झकास, पण डिझाइनचा फोल्डर अकाउंटवाल्या काकांच्या विंडोजवर आणि तो उघडंना. सारखा पासवर्ड मागतोय, टाकला की परत मागतोय. पेंग्विन हे लिनक्सचं चिन्ह, म्हणून शेजारचा रोज विचारतोय, "काय बे, तुझा पेंग्विन उठला का नाही अजून?" दोन दिवस मिंटला शिव्या घातल्या, आणि घोळ निघाला काकांच्या पीसीत.

काका लॉगिन करतात चार आकडी पिनने, मी तोच टाकत होतो. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवरनं चालतच नाही, तिथं अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो आणि तो काकांना आठवंना. मग त्यांच्या सेटिंगमध्ये अकाउंट्सला जाऊन एक साधा लोकल युजर काढला, पासवर्डसकट, फक्त फोल्डरसाठी. हे बरं पडतं, काकांचा मेल पासवर्ड आपल्याला कशाला पाहिजे. मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर, तो युजर निवडून रीड-राइट द्यायचं. नेटवर्क पब्लिक दिसत असेल तर प्रायव्हेट करा, नाहीतर फायरवॉल आत घेत नाही.

आता मिंटवर. फाइल्सची खिडकी उघडून कंट्रोल आणि एल दाबा, वर पट्टीत एसएमबी, कोलन, दोन स्लॅश, मग काकांच्या पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता), एक स्लॅश आणि शेअरचं नाव, सगळं इंग्रजीत. स्लॅश सरळ बरं का, विंडोजसारखा उलटा नाही. युजर-पासवर्ड टाका, डोमेनला हात लावू नका, कायमचं लक्षात ठेव म्हणा, उघडलं की कंट्रोल डी दाबून बुकमार्क करा. मॅकवाल्यांनी फाइंडरमध्ये कमांड के दाबून हाच पत्ता टाकायचा.

जुन्या व्हिडिओत सांगतात की विंडोजमध्ये एसएमबी १, म्हणजे फोल्डर शेअर करायच्या पद्धतीचं जुनं व्हर्जन, चालू करा. अजिबात करू नका, २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस त्याच्यातल्याच भोकातनं पसरला होता, आणि मिंटला त्याची गरजही नाही, ते नव्या व्हर्जनवर आपोआप बोलतं.

काही सॉफ्टवेअरला असा उघडलेला फोल्डर दिसतच नाही. मग सीआयएफएस-युटिल्स हे पॅकेज टाकून एफएसटॅबमध्ये (पीसी सुरू होताना काय काय जोडायचं त्याची फाइल) कायमचा माउंट करायचा, म्हणजे जोडून टाकायचा. तिथं आपला यूआयडी (युजरचा नंबर) द्या, नाहीतर सगळं रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिनच्या नावावर बसतं आणि सेव्ह होत नाही. आणि नोफेल (फोल्डर जोडला नाही तरी पुढं जा) लिहाच, मी विसरलो होतो, सकाळी काकांचा पीसी बंद आणि माझा सुरू होताना अडकून बसला.

लाइट जाऊन आली की राउटर आयपी बदलू शकतो, कालचा बुकमार्क आज मेलेला. राउटरच्या डीएचसीपीत (आयपी वाटायच्या सेटिंगात) काकांच्या पीसीला एकच आयपी बांधून टाका. आणि काकांनी एक्सेल उघडी ठेवली असेल तर आपल्याकडं ती रीड ओन्लीच उघडणार, जागेवरनंच हाक मारायची.