मायेचा थकवा: विशेष मुलांच्या शिक्षकांनो, या चुका टाळा

मुलाने डबा भिरकावला, हाताला चावा घेतला आणि तुम्हाला ना राग आला, ना कळवळा. नुसता बधिरपणा. माझं असं झालं तेव्हा मी स्वतःलाच दगड म्हटलं. पहिली चूक हीच. या बधिरपणाला ‘कम्पॅशन फटिग’, म्हणजे मायेचा थकवा, म्हणतात. १९९२ मध्ये परिचारिकांच्या थकव्याबद्दल लिहिताना हा शब्द पुढे आला. दुसऱ्याचं दुःख रोज झेलणाऱ्या कुणालाही हा थकवा येऊ शकतो, तो स्वभावदोष नाही.

दुसरी चूक म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीवर भिस्त ठेवणं. सुट्टीत अंग हलकं होतं, पण मनात साठलेलं तसंच राहतं. जूनमध्ये वर्गात पाऊल टाकताच पोटात गोळा येतो.

सगळ्यात महागात पडते ती तिसरी: पालकांचं दुःख घरी नेणं. रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो, “टीचर, आज परत डोकं आपटलं. माझ्यामागे याचं कोण बघणार?” मी तासभर धीर देत बसायचे आणि मग मलाच झोप लागायची नाही. आता मेसेज संध्याकाळी सहापर्यंतच, हे पालकांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगते. आणि त्या प्रश्नाला नुसता धीर देत नाही, माहिती देते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार मूल अठराचं झाल्यावर कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. ‘निरामय’ आरोग्य विमाही आहे, एक लाखापर्यंतचा. एका आईसोबत बसून मी तो फॉर्म भरला, त्या रात्री शांत झोपले. कळवळ्याला करायला काही मिळालं नाही की तो आतल्या आत आंबतो.

एकटीने रेटू नका. मूल आवरेनासं झालं तर “मावशी, पाच मिनिटं याच्याजवळ बसता?” असं सरळ विचारा.

दिवसातलं छोटं यशही टिपून ठेवा. दादरला गाडी बदलताना मी वहीत त्याची एकच ओळ लिहिते. काल लिहिलं, ‘चमचा स्वतः धरला, तीन घास.’

मुलावर हात उगारावासा वाटला, तर दुसऱ्या शिक्षिकेला बोलवून वर्गाबाहेर पडा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.