व्हेंटिलेटर लावल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

सगळ्यात जास्त आढळणारी चूक वजनाची. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात द्यायची हवा, ठरवताना काट्यावरचं वजन धरलं जातं. पण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुफ्फुसं मोठी होत नाहीत, ती उंचीवर ठरतात. १६० सेंमी उंचीच्या, ८० किलोच्या बाईंचं उंचीवरून काढलेलं वजन जेमतेम ५२ किलो भरतं. किलोमागे ६ मिलीने एका श्वासाला साधारण ३१५ मिली होतात. काट्यावरच्या वजनाने ४८०. एआरडीएसमध्ये (फुफ्फुसांना सूज येऊन ऑक्सिजन घसरतो तो गंभीर आजार) फुफ्फुसाचा बराच भाग आधीच निकामी असतो, त्यामुळे हा सगळा मारा उरलेल्या चांगल्या भागावर बसतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत किलोमागे १२ ऐवजी ६ मिली दिल्यावर मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही! म्हणून उंची अंदाजाने लिहू नका, टेप लावून मोजा.

दुसरी चूक, अलार्म वाजला की आधी तो बंद करणं. प्रेशरचा अलार्म असेल तर श्वास आत गेल्यावर अर्धा सेकंद रोखून प्लॅटो प्रेशर, म्हणजे हवा थांबलेली असतानाचा फुफ्फुसातला दाब, बघा. तो ३० सेंमी पाण्याच्या आत हवा. पीक, म्हणजे हवा आत जाताना सगळ्यात वर जाणारा दाब, वाढलाय पण प्लॅटो ठीक आहे, तर अडथळा वाटेत आहे: श्वासनलिकेत घातलेली ट्यूब दुमडलेली, कफ, आवळलेल्या श्वासनलिका. पीक आणि प्लॅटो दोन्ही वाढले असतील तर फुफ्फुसाकडे बघा, आणि ट्यूब उजव्या बाजूला सरकली नाही ना हेही.

ऑक्सिजन एकदम घसरला तर स्क्रीनवरची बटणं दाबत बसू नका. व्हेंटिलेटर सोडवा, १०० टक्के ऑक्सिजनवर हाताने बॅग दाबून श्वास द्या. लगेच सुधारणा झाली तर बिघाड यंत्रात किंवा नळ्यांत. नाही झाली तर ट्यूब जागेवर आहे का, सक्शनची नळी खाली उतरते का, दोन्ही बाजूंना हवा जाते का, हे तपासा. एक बाजू गप्प आणि बीपी कोसळतंय, तर एक्स-रेची वाट बघू नका, छातीत फुफ्फुसाबाहेर साचलेली हवा बाहेर काढा.

दम्याच्या रुग्णात कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून श्वासांचा रेट वाढवण्याचा मोह होतो. तिथे रेट कमीच ठेवा. श्वास बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर हवा आत साचत जाते आणि बीपी पडतं. तसं झालं तर सर्किट (व्हेंटिलेटरच्या नळ्या) काढून छाती रिकामी होऊ द्या.

आणि रोज सकाळी, जमण्यासारखं असेल तर, सिडेशन (गुंगीचं औषध) थांबवून रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते बघा. ही तपासणी राहून जाते आणि ट्यूब विनाकारण दोन दिवस जास्त राहते.