परदेशात गाडी चालवताना नेट गेलं तरी रस्ता सापडावा म्हणून

सीमा ओलांडली की अनेकदा मोबाइल डेटा बंद पडतो आणि नकाशा कोरा होतो. जीपीएसला मात्र इंटरनेट लागत नाही. हरवतो तो फक्त नकाशा. म्हणून निघण्याआधीच, वाय-फायवर, गूगल मॅप्समध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून ‘ऑफलाइन मॅप्स’मधून सगळा पट्टा उतरवून घ्या, सीमेपलीकडचाही. मग डेटा बंद करून एकदा मार्ग काढून पाहा. ही चाचणी टाळू नकाच! वाहतूक कोंडी आणि पर्यायी रस्ते ऑफलाइन दिसत नाहीत.

परक्या लिपीतला पत्ता फसवतो, एकाच नावाची गावंही असतात. त्यापेक्षा मुक्कामाचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवा: आधी अक्षांश, दशांश चिन्हानंतर ४ अंक, म्हणजे साधारण ११ मीटरपर्यंत नेमकं. जपानमध्ये गाडीतल्या नेव्हिगेशनला हॉटेलचा फोन नंबर दिला तरी बहुधा काम होतं.