आवडीची साडी, अंगाचा ब्लाउज: मुंढा नीट कसा करून घ्यावा

गेली २२ वर्षं मी शाळेत शिकवते आणि आठवड्याचे पाच दिवस साडी नेसते. उंची पाच फूट एक इंच, खांदे अरुंद आणि उतरते, छाती भरलेली. अशा बांध्याच्या बाईला सल्ला द्यायला कुणीच कमी करत नाही. मोठे काठ नकोत, सुती साडी फुगते, जॉर्जेट नेस, कोपरापर्यंत बाही घालू नकोस. मला इरकल आवडते, नारायणपेठ आवडते, चार बोटं रुंद काठ आवडतो आणि बाही कोपरापर्यंतच लागते. यातलं काहीही मी सोडलेलं नाही. साडी न कापलेली, न शिवलेली असते, ती कुठल्याही अंगाला धरते. बेतून शिवलेला असतो तो ब्लाउज. बांधा खुलतो की बिघडतो ते तिथे ठरतं, आणि ब्लाउज बिघडतो तो बहुतेक वेळा मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडली जाते त्या बगलेभोवतीच्या घेरात.

अस्तर भिजवून वाळवून घेणं, रोजची ब्रेसियर घालूनच माप देणं, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढे जाऊ.

आधी छातीची दोन मापं

बांधा ओळखायचा म्हणजे सफरचंद की नाशपाती, असली चित्रं बघत बसू नका. ती चित्रं खांदा, छाती, कंबर आणि नितंब एवढंच सांगतात, आणि साडीत कंबरेखालचं सगळं निऱ्यांत झाकलं जातं. ब्लाउजसाठी महत्त्वाचा फरक वेगळा आहे. टेप दोन्ही बगलांतून, स्तनांच्या वरून घ्या. ही वरची छाती. मग भरलेल्या भागावरून घ्या. ही पूर्ण छाती. माझी वरची छाती साडेचौतीस भरते आणि पूर्ण छाती ३८.

हा साडेतीन इंचांचा फरक म्हणजे माझा बांधा. बहुतेक शिंपी एकच छाती मोजतात आणि खांदा, मुंढा, पाठ असं बाकीचं सगळं त्या आकड्यावरून हिशेबाने काढतात. ३८ छाती म्हटलं की खांदा साडेचौदा आणि मुंढाही तसाच मोठा. पण माझी हाडं साडेचौतीसची आहेत, जास्तीचे साडेतीन इंच फक्त पुढे आहेत. मग खांदा ओघळतो, मुंढ्यात कापड गोळा होतं आणि पुढून मात्र हुक ताणलेले राहतात. फरक दोन इंचांच्या आत असेल तर एका छातीवर काम भागतं. तीन इंचांच्या पुढे असेल तर शिंप्याला स्पष्ट सांगा: "खांदा, पाठ आणि मुंढा वरच्या छातीवर काढा. वाढीव कापड फक्त पुढच्या भागात, टक्समध्ये किंवा कटोरीत द्या." टक्स म्हणजे आकार यावा म्हणून शिवलेली निमुळती चिमट, कटोरी म्हणजे छातीवर वेगळा कापून जोडलेला वाटीसारखा भाग. हे वाक्य मी आजही कागदावर लिहूनच नेते, कारण तोंडी सांगितलेलं दुकानातल्या गर्दीत हरवतं.

मुंढा

सुरुवातीची चार-पाच वर्षं मी एका चांगल्या, गर्दीच्या दुकानात ब्लाउज शिवत होते. फळ्यावर वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला हात वर केला की ब्लाउजचा खालचा पट्टा वर चढायचा. उजव्या हातात खडू आणि डाव्या हाताने ब्लाउज खाली ओढणं, अशी सवय लागली होती. समोर चाळीस मुलं असताना ही सवय किती त्रासाची असते ते शिक्षिकांना सांगायला नको. मला वाटायचं मुंढा घट्ट आहे. मी सांगायचे, "मुंढ्यात काचतंय, सैल करा." शिंपी मुंढा अर्धा इंच खाली उतरवायचा आणि पुढचा ब्लाउज आणखी वर चढायचा. असे सात-आठ ब्लाउज झाले.

शेवटी आमच्या वाड्यात शिवणकाम करणाऱ्या एका काकूंनी मला सरळ उभं केलं आणि पट्टी लावली. मुंढ्याची शिवण बगलेच्या पावणेदोन इंच खाली होती. त्यांनी त्या जागचं कापड चिमटीत धरून वर, बगलेपर्यंत उचललं, तिथेच दोन टाचण्या लावल्या आणि म्हणाल्या, "आता लिही बरं भिंतीवर." मी हात वर केला. पट्टा जागचा हलला नाही.

त्यामागचं कारण साधं आहे. बाही अंगाला बगलेखाली जोडलेली असते. हात वर गेला की तो जोडही वर जायला बघतो. जोड बगलेला लागून असेल तर हात जवळजवळ तिथल्या तिथे फिरतो आणि कापडाला फार ओढ बसत नाही. जोड दीड-दोन इंच खाली असेल तर तेवढं कापड हाताबरोबर उचललं जातं, आणि त्याच्यामागून सगळी बाजू, पट्ट्यासकट. म्हणून मुंढा जितका खाली, तितका हात बांधलेला. ऐकायला उलटं वाटतं. तरी घरातला एखादा ब्लाउज घालून टाचण्या लावून बघा, पाच मिनिटांत पटेल.

आता माप. खांद्याचं टोक शोधायला हात बाजूला, खांद्याच्या रेषेत आडवा धरा. टोकाशी एक लहानशी खळी पडते. खांदा तिथे संपतो, दंडावर नाही. तिथे पेनाने खूण करा. मग हात खाली सोडा, अगदी सैल, कमरेवर ठेवू नका. त्या खुणेपासून टेप बगलेतून फिरवून पुन्हा खुणेवर आणा. टेपखाली दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा. माझं हे माप साडेसोळा येतं. छातीवरून हिशेब केला तेव्हा दुकानाने अठरा कापला होता. दीड इंचाचा घोळ तिथेच होता.

शिंप्याला सांगायच्या आणखी तीन गोष्टी. शिवण बगलेच्या खाली अर्धा इंच, म्हणजे चार सूत, फार तर सहा सूत. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा आत, खोलगट कापलेला हवा, कारण हात पुढे येतो तेव्हा तिथलंच कापड आडवं येतं. आणि बाहीला दंडाच्या मापापेक्षा दीड इंच जास्त द्या. मुंढा वर घ्यायचा आणि बाही चिकटून ठेवायची, हे जमत नाही. काचण्याचं खरं कारण कित्येकदा अरुंद बाही असते आणि बोल लागतो मुंढ्याला.

माझी एक कळकळीची विनंती. "मुंढ्यात काचतंय" हे शब्द दुकानात वापरू नका. हा शब्द ऐकला की कात्री खालीच चालते, आणि मुंढा एकदा खाली कापला की वर आणता येत नाही. नेमकं कुठे काचतंय ते बोटाने दाखवा. पुढच्या बाजूला, काखेच्या घडीपाशी काचत असेल तर तिथे दोन सूत आत कापायला सांगा. दंडावर काचत असेल तर बाही सोडवा. छातीपासून बगलेकडे तिरप्या रेघा ओढल्या जात असतील तर मुंढ्याचा काही दोष नाही, पुढे कापड कमी आहे. आणि पुढच्या मुंढ्यात कापडाचा फुगा येत असेल, जो भरलेल्या छातीला हमखास येतो, तर तिथून छातीच्या टोकाकडे एक टक्स हवा. चार टक्सच्या ब्लाउजमध्ये तो असतोच. टक्सचं टोक छातीच्या टोकाच्या पाऊण इंच आधी थांबलं पाहिजे, नाहीतर तिथे चोच येते.

मांजरपाटाचा नमुना

हे काम कधीही थेट चांगल्या कापडावर करू नका. एक मीटर मांजरपाट, म्हणजे साधं जाडसर सुती कापड, आणा, धुवून घ्या, त्याचा ब्लाउज लांब टाक्यांच्या कच्च्या शिलाईवर शिवून मागा. शिंपी कुरकुर करेल. त्याला पूर्ण शिलाई द्या, काम पूर्ण आहे. एका नमुन्याच्या पैशात पुढचे सगळे ब्लाउज सुधारतात.

नमुना घालून दुकानाच्या आरशासमोर ताठ उभं राहण्यात अर्थ नाही. हात वर करून भिंतीवर लिहा. अंबाडा घाला. खाली वाकून पिशवी उचला. दोन्ही हात छातीवर घट्ट घडी घालून बघा, पाठीत टर्रकन ओढ बसली तर पाठीला अर्धा इंच हवा आहे. हात पूर्ण वर असताना पट्टा बोटभर सरकला तर चालेल, त्याहून जास्त नाही. जिथे चूक दिसेल तिथे खडूची खूण करून घ्या आणि दुसऱ्यांदा घालून बघा. माझा नमुना तिसऱ्या खेपेला बरोबर झाला. मग तो उसवून खाकी कागदावर उतरवून घेतला. कागद माझ्याकडे असतो, दुकानात नाही. वजन चार-पाच किलोंनी इकडेतिकडे झालं की छातीची मापं नव्याने घेते. खांदा आणि मुंढा क्वचितच बदलतात.

बाकीचं

कटोरी की प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणारी उभी शिवण) हा आवडीचा प्रश्न आहे. दोन छातींतला फरक तीन इंचांच्या पुढे असेल तर दोन्हींत साध्या टक्सपेक्षा चांगला आकार येतो. खणाला मात्र कटोरी नको. खणाचा पन्हा लहान, नक्षी बारीक, तुकडे झाले की ती मोडते.

उतरत्या खांद्यांना मागे खोल गळा हवा असेल तर रुंदी कमी ठेवा. खोल आणि रुंद दोन्ही केलं की खांदा दिवसभर घसरतो, आणि मग दोरी बांधून तो सावरावा लागतो.

बाही दंडाच्या सर्वांत जाड भागावर संपू नये. त्याच्या वर संपवा किंवा खाली. मी कोपराच्या वर एक इंच ठेवते.

शिवणीत दोन्ही बाजूंनी एकेक इंच माया, म्हणजे पुढे सैल करायला आत ठेवलेलं जास्तीचं कापड, ठेवायला सांगा, आणि ती कापून टाकायची नाही हेही सांगा.

कपाटात खाली मुंढ्याचे जुने ब्लाउज पडलेले असतील तर टाकू नका. बगलेची शिवण उसवून तिथे तिरप्या कापडाचा चौकोनी तुकडा, दोन-अडीच इंचांचा, पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात बसवून घ्या. हात सुटतो, आणि हात खाली असताना तो तुकडा दिसतही नाही. माझे पाच ब्लाउज असे वाचले.

परकराची नाडी रुंद पट्टीची घ्या आणि एकाच जागी करकचून बांधू नका. २०२४ मध्ये वर्धा आणि मधुबनीच्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्कर बायकांची नोंद दिली होती. वर्षानुवर्षं कमरेला घट्ट बांधल्यामुळे झालेल्या, न भरणाऱ्या जखमेत त्यांना त्वचेचा कर्करोग झाला होता. कमरेवर काळा पट्टा पडला असेल, खाज असेल, तर नाडी दोन बोटं वर-खाली करा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि मोठा काठ

ब्लाउज बसला की मोठ्या काठाचा प्रश्न सोपा होतो. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच. माझी कंबर ते जमीन अंतर ३७, म्हणजे आठ इंच आत खोचले जातात. खालचा काठ पूर्णच दिसणार, तो दिसू द्या, त्यासाठीच साडी घेतलेली असते. उंची कमी दिसते ती दुसऱ्या ठिकाणी, छातीवर, जिथे पदराचा काठ आडवातिडवा पसरतो. म्हणून पदराची पहिली निरी बरोबर काठाच्या रुंदीची घ्या, काठ सरळ उभ्या रेषेत खांद्याकडे जाईल. बाकीच्या निऱ्या तिच्या मागे लपवा. पिन खांद्याच्या टोकावर लावू नका. उतरत्या खांद्यावर ती एक इंच गळ्याकडे हवी, नाहीतर सगळा पदर दंडावर येतो. इरकलीचा पदर तर अंगाहून वेगळ्या ताण्यावर विणून टोप-तेणीच्या जोडाने अंगाला गाठलेला असतो. तो अंगापेक्षा जड पडतो आणि जास्त ओढतो. तिथे मी ब्लाउजच्या आतून दुसरी पिन लावते.

काठाच्या रंगाचा ब्लाउज घालायचा की अंगाच्या रंगाचा? बुटक्या बाईने अंगाच्याच रंगाचा घालावा असं म्हणतात. मी काठाच्या रंगाचा घालते, बहुतेकदा खणाचा. फक्त ब्लाउजची उंची साडेचौदा ठेवते आणि साडी बेंबीच्या वर खोचते, म्हणजे मधली उघडी पट्टी दोन बोटांचीच राहते. चपला आधी घालायच्या, मग साडी खोचायची. खालचा काठ टाचेशी जमिनीला नुसता टेकला पाहिजे.