मेनी-मचचा तक्ता पाठ आहे तरी रायटिंगला घोळ का होतो

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करताय म्हणजे मेनी, मच, फ्यू, लिटलचा तक्ता तुम्हाला शाळेपासून पाठ असणार, तो परत सांगत नाही. मलाही पाठ होता, तरी लिहिताना अजून पेन थांबतं, कारण समोरचा नाउन काउंटेबल आहे का तेच पटकन कळत नाही.

'जे मोजता येतं ते काउंटेबल' ही शाळेतली व्याख्या विसरा, तीच फसवते. खोलीत चार खुर्च्या आणि एक टेबल दिसतंय, बोटावर मोजता येतंय, तरी चेअर्सला मेनी आणि फर्निचरला मच. नोटा मोजतो आपण, पण मनीला मच. मराठीत सल्ले, बातम्या असं बिनधास्त अनेकवचन करतो आणि 'किती', 'थोडे', 'खूप' कशालाही चालतं, त्यामुळे अ‍ॅडव्हाइसेस, इन्फर्मेशन्स, इक्विपमेंट्स, लगेजेस, रिसर्चेस हे आपल्या हातून आपोआप लिहिलं जातं. हे सगळे अनकाउंटेबल, एस लावायचा नाही, मेनी नाही, एकच सांगायचा तर अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस. यात लॉजिक शोधू नका, वेळ जातो. ऑनलाइन केंब्रिज डिक्शनरीत नाउनच्या अर्थापाशी कंसात सी (काउंटेबल) किंवा यू (अनकाउंटेबल) असतं, शब्द वहीत उतरवताना तेही उतरवा. काहींना दोन्ही असतात, मच एक्स्पिरियन्स म्हणजे कामाचा अनुभव आणि मेनी एक्स्पिरियन्सेस म्हणजे आयुष्यात आलेले वेगवेगळे प्रसंग.

आयईएलटीएसचा अकॅडेमिक प्रकार देणाऱ्यांनो, रायटिंगच्या टास्क 1 मध्ये ग्राफचं वर्णन करताना 'अमाउंट ऑफ पीपल' लिहूच नका, एक्झामिनरला लगेच दिसतं. पीपलला नंबर, वॉटरला अमाउंट. आणि द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज, पण अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव.

घाबरू मात्र नका, रायटिंगच्या चार निकषांपैकी ग्रामर हा एक आहे, एखाद-दुसऱ्या चुकीने बँड, म्हणजे स्कोअर, कोसळत नाही. तीच चूक दर पॅरामध्ये आली तर मात्र नक्की नडते.

क्लासमध्ये सांगतात सगळीकडे 'अ लॉट ऑफ' टाका, दोन्हीला चालतं. चालतं खरं, स्पीकिंगला मीही वापरतो, पण निबंधात ते फारच बोलण्यातलं वाटतं आणि त्या सवयीने नाउन ओळखायचं राहूनच जातं, म्हणून मला हा शॉर्टकट अजिबात पटत नाही.

आणि स्पीकिंगला 'अ' गिळू नका. आय हॅव लिटल टाइम म्हणजे वेळ जवळजवळ नाहीच, अ लिटल टाइम म्हणजे आहे थोडाफार. फ्यू आणि अ फ्यूचंही तसंच.